संत्र्याचं चाळीस दिवसांचं पथ्य

कंपाउंडरनी आपल्या हातून झाड मेल्याचं आजवर कधी कबूल केलेलं नाही. कुणाची कुंडी वाळलीच, तर ती मालकाने उशिरा दाखवलेली असायची, नाहीतर मालकाने मधेच दुसऱ्या कुणाचा तरी सल्ला घेतलेला असायचा. ही तऱ्हा त्यांनी डॉक्टरांकडून उचलली होती. पस्तीस वर्षं ते एका डॉक्टरांच्या हाताखाली होते. लाकडी फळीमागे उभं राहून बाटल्या भरायच्या, बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, आणि खिडकीतून हात बाहेर काढून दिवसातून तीनदा, जेवणानंतर, असं बजावायचं. पुढे डॉक्टर वारले, दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आलं आणि कंपाउंडर घरी बसले. घरी बसलेला पुरुष घरच्यांना किती छळू शकतो याला काही माप नसतं. बायकोच्या नशिबाने त्यांना झाडांचा नाद लागला.

आयुष्यभर हाताखाली काढलेल्या माणसाला एकदा तरी खुर्चीत बसायचं असतं. कंपाउंडरची खुर्ची मागच्या अंगणात होती, वेताची, एका पायाने अधू. गल्लीतले लोक आपापल्या कुंड्या काखोटीला मारून तिथे यायचे. कंपाउंडर आधी काही विचारायचे नाहीत. मातीत तर्जनी दोन पेरं खुपसायचे आणि डोळे मिटायचे, डॉक्टर नाडी बघताना मिटायचे तसेच. मग निदान. उन्हाळ्यात उन्हं चढायच्या आत मुळाशी पाणी, दुपारी थेंबसुद्धा नाही. थंडीत निम्मं. पावसाळ्यात पाण्याऐवजी कुंडीच्या बुडाची भोकं बघायची, बुजलेली असली तर काडी घालून मोकळी करायची. शाळेतल्या एका बाई आपल्या मोगऱ्याला दिवसातून तीनदा पाणी घालायच्या, त्यांची झारी कंपाउंडरनी आठवडाभर जप्त करून ठेवली होती. मोगरा तरारला, आणि बाई गल्लीभर गुण गात फिरल्या.

"झाडं तहानेने मरत नाहीत, मायेने मरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी असली की जरा मोठ्याने. बायको मान डोलवायची. पथ्याच्या बाबतीत ते स्वतः आदर्श होते. पाच वर्षांपूर्वी नव्या डॉक्टरनी साखर बंद करायला सांगितली, तेव्हापासून ते बिनसाखरेचा चहा पीत होते आणि ज्याला त्याला सांगत होते की जिभेला वळण लावावं लागतं, मग तोच चहा गोड लागतो.

फक्त एका ठिकाणी दिव्याखाली अंधार होता. आणि तो अंधार नेमका खुर्चीच्या मागेच, चांगला दीड पुरुष उंच उभा होता. संत्र्याचं झाड. लेकीला सासरी सोडून परत येताना बायकोने ते कलम डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. रस्ताभर कुणाला हात लावू दिला नव्हता. लावून बरीच वर्षं झाली, फळायचं वय होऊनही सात वर्षं उलटली, पण एक संत्रं तर सोडाच, एक फूल नाही. बाकी प्रकृती अशी ठणठणीत की बघणाऱ्याला राग यावा.

याला औषध एकच, आणि ते कंपाउंडरना ठाऊक होतं. थंडीत संत्र्याचं पाणी चाळीस दिवस तोडायचं. मुळांवरची माती हलकी उकरायची. झाड सुकतं, पानं गाळतं, त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग पाणी सोडायचं, पहिलं अगदी बेताचं, मग वाढवत न्यायचं, की झाड फुलांनी भरतं. बागायतदार याला ताण देणं म्हणतात. कंपाउंडर पथ्य म्हणायचे. सात वर्षं दर थंडीत ते पथ्य सुरू करत होते आणि वहीत नोंद करत होते. सात वर्षांच्या सात नोंदी सारख्याच होत्या: रुग्णाची प्रकृती उत्तम, प्रतिसाद नाही.

भिंतीपलीकडे सुताराचं दुकान होतं. संत्र्याचं लाकूड पटाशीच्या मुठीला फार चांगलं, घट्ट, चिरत नाही, हे सुताराने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. दरवर्षी तो भिंतीवरून वाकून बुंध्याला टेप लावायचा आणि आता चार मुठी निघतील, आता सहा निघतील, असा अंदाज सांगायचा. यंदा त्याने हे नेमकं शाळेतल्या बाई समोर बसलेल्या असताना सांगितलं, आणि वर म्हणाला की दुसऱ्यांच्या कुंड्यांना शहाणपण शिकवण्यापेक्षा आधी घरचं बघावं.

कंपाउंडरच्या नाकाला मिरची झोंबली. त्यांनी बाईंच्या देखत जाहीर केलं की ही थंडी शेवटची. फुलं आली नाहीत तर सुताराने करवत घेऊन यावं, झाड आपण स्वतः धरू. बोलून गेल्यावर त्यांना स्वयंपाकघराच्या दारात बायको दिसली. ती आत गेली आणि भांडी जरा जास्तच आवाज करू लागली. कंपाउंडरना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. ते झाड तिच्या मांडीवरून आलेलं होतं आणि त्यांनी ते तिला न विचारता सुताराला देऊन टाकलं होतं. शब्द मागे घ्यायला मात्र जीभ रेटेना.

पाणी तोडलं आणि चौथ्याच दिवशी लेकीचा फोन आला. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. बायको दोन महिन्यांसाठी निघाली. निघताना तिने डबे कुठे आहेत ते दाखवलं, दूध किती घ्यायचं ते सांगितलं, आणि मागच्या दाराशी जाऊन झाडाकडे बघत राहिली.

"यंदा त्याला फार छळू नका," ती म्हणाली.

कंपाउंडरनी तिला मायेचं ते वाक्य ऐकवलं.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी बिघडल्या. पहिली म्हणजे चहा. कंपाउंडरनी स्वतः केला, घोट घेतला, आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. त्यांनी पत्तीला दोष दिला आणि नवा पुडा आणला. दूध बदललं. पातेलं राखेने घासलं. चहा कडू तो कडूच. शेवटी ते कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि बिनसाखरेचा चहा मागितला. तोही तसाच, कडूजहर. टपरीवाल्याला त्यांनी दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, काका, साखर नाही म्हटल्यावर असाच लागणार.

दुसरी गोष्ट म्हणजे संत्रं. दोन आठवड्यांत त्याची पानं दुमडली, तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडली, मग गळायला लागली. सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कंपाउंडर रोज सकाळी वही घेऊन जायचे आणि काहीच न लिहिता परत यायचे. सुताराने भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि या खेपेला टेपसुद्धा लावला नाही. लाकूड उभ्याउभ्या वाळतंय, बरंच झालं, एवढंच म्हणाला. बायको रोज संध्याकाळी फोन करायची आणि बाळाच्या दुधाचं बोलून झालं की झाडाचं विचारायची. कंपाउंडर सांगायचे, प्रकृती उत्तम.

चौतिसाव्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसले होते. हातात कडू चहा, समोर निम्मं उघडं पडलेलं झाड. पस्तीस वर्षं मिश्रणं ढवळलेला माणूस, पण त्याला हिशेब जुळायला महिना लागला, ही खरं तर लाजेची गोष्ट. पाच वर्षं ते जो बिनसाखरेचा चहा चवीने पीत होते, तो जगात फक्त त्यांच्याच घरी मिळत होता. आणि जी बायको चहात हात घालते, ती काय झाडापाशी हात आवरेल?

ते उठले. झाडाच्या आळ्यात, स्वयंपाकघराच्या बाजूला, पालापाचोळा जरा जाड होता. खुरप्याने तो बाजूला केला. खाली चहाची पत्ती, मोहरीचे दाणे, आणि मातीत अर्धवट रुतलेला एक स्टीलचा चमचा. हा चमचा चार वर्षांपूर्वी हरवला होता. सुतार त्या दिवशी चहाला आला होता, म्हणून कंपाउंडरनी त्याला पुन्हा कधी चहाला बोलावलं नव्हतं.

संध्याकाळी फोन आला. बाळाची विचारपूस झाली.

"चमचा सापडला," कंपाउंडर म्हणाले.

पलीकडे बाळ रडायला लागलं.

"तुम्ही दुपारी झोपलात की भांडी विसळलेलं पाणी घालत होते," बायको म्हणाली. "एक दिवसाआड. म्हणजे रोजच. तुम्ही आत घोरत असायचात आणि ते तिथे उन्हात पानं दुमडून उभं. मला नाही बघवायचं."

"आणि चहात?"

"अर्धा चमचा." मग तिचा आवाज बदलला. "ते मरेल का हो?"

अशा वेळी डॉक्टर खिडकीबाहेर नजर लावून 'बघू' म्हणायचे. कंपाउंडरच्या तोंडात तो शब्द आलाही होता.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "औषध लागू पडण्याची ही पहिलीच खेप आहे. सात वर्षं ते रोग्याच्या पोटातच गेलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर त्यांना राग यायला हवा होता. तशी तयारीही त्यांनी केली होती, चार चांगली वाक्यं जुळवली होती. पण राग येण्याऐवजी दवाखान्याची ती फळी डोळ्यांपुढे आली. डॉक्टर कडूजहर मिश्रण लिहून द्यायचे. पोरं ते थुंकायची, आया रडकुंडीला यायच्या. कंपाउंडर गुपचूप त्यात साखरेचा पाक घालायचे. एका म्हातारीला रोज नवं दुखणं व्हायचं, तिला तर त्यांनी अकरा वर्षं रंगीत पाणी दिलं आणि ती खुशीत जगली. डॉक्टर शेवटपर्यंत लोकांना आपल्या हातगुणाच्या गोष्टी सांगत राहिले. कंपाउंडर फळीमागे उभे राहून मान डोलवत राहिले, अगदी बायको डोलवायची तशी.

चाळिसाला सहा दिवस उरले होते. ते सहा दिवस कंपाउंडर दुपारी झोपले नाहीत. दोन वाजले की झारी भरायचे, मागच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एकदा तर आळ्यापर्यंत पोचले, झारी वाकवली, आणि मग ते पाणी शेजारच्या एका कुंडीत ओतलं. पथ्य सांगायला काही लागत नाही, ते बघायला छाती लागते, हे त्यांना या वयात कळलं. बायकोकडे हिंमत नव्हती असं नाही, तिला माया जास्त होती. ही गोष्ट वेगळी आहे हेही कळलं, आणि हे तिला आजवर कधी बोलून दाखवलं नाही याचं वाईट वाटलं.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्यांनी पहिलं पाणी दिलं. अर्धी झारी, बुंध्यापासून लांब, कडेकडेने. आठवड्याने दोन झाऱ्या. मग आळं भरून. मधल्या काळात सुतार करवत घेऊन आला. कंपाउंडरनी त्याला खुर्ची दिली, चमच्याचा संशय घेतल्याबद्दल माफी मागितली आणि पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. माफीने सुतार इतका गांगरला की करवत तिथेच विसरून गेला.

अकराव्या दिवशी उघड्या फांद्यांवर तांबूस टोकं दिसली. अठराव्या दिवशी कळ्या. बायको यायच्या दिवशी तर झाड पांढरं झालं होतं, आणि भुशाचा वास मारून टाकून संत्र्याच्या फुलांचा वास भिंतीपलीकडे गेला होता. सुतार भिंतीवरून बघत म्हणाला, मुठी बाभळीच्याच करतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, काय तुमचा हातगुण. कंपाउंडरनी मान डोलवली नाही. या यशात निम्मा वाटा लेकीच्या बाळंतपणाचा आहे, असं ते म्हणाले. बाईंना त्यातलं काही कळलं नाही.

बायको पिशवी खाली न ठेवता थेट मागच्या दारी गेली. मग तिने पदराने डोळे पुसले.

"म्हणजे सात वर्षं मीच फुलू दिलं नाही त्याला," ती म्हणाली.

"सात वर्षं जगवलंस," कंपाउंडर म्हणाले. "मी एवढा ताण सात वेळा दिला असता तर सुताराच्या मुठी केव्हाच झाल्या असत्या." मग त्यांनी तिला पाकाची गोष्ट सांगितली, आणि त्या म्हातारीची. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि ही गोष्ट ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते.

बायको ऐकत होती. तेवढ्यात तिने चहा टाकला, गाळला आणि कप पुढे ठेवला. चोरी उघडी पडल्यावर ती प्रामाणिक झाली होती. कंपाउंडरनी घोट घेतला. तो खराखुरा बिनसाखरेचा चहा होता. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, पण बायकोला त्यांचं तोंड चाळीस वर्षं पाठ होतं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चमचा काढला. घासून लखलखीत केलेला. तो कपाशेजारी ठेवला.

"झाडाचे चाळीस दिवस झाले," ते म्हणाले. "माझे साठ झालेत."

बायकोने साखरेचा डबा ओढला. चमच्याच्या टोकावर येईल एवढीच साखर घेतली, ती निम्मी परत झटकली आणि उरलेली कपात टाकली. कंपाउंडर कपाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले.

"पहिलं बेताचंच द्यायचं असतं," ती म्हणाली आणि चहा ढवळायला लागली.