साठनंतर एकदम एकशेदहा

ते पुस्तक अजून आमच्या घरात आहे, लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, आणि मला त्याची किळस येते. मेलेली पाल निदान केरसुणीने बाहेर ढकलता येते. हे ढकलता येत नाही, कारण ते घरात आणणारा मीच.

परवा शेजारच्या बाई विचारत आल्या. त्यांच्या मुलीला कम्प्युटरची भाषा शिकायची आहे. "काका, पहिलं पुस्तक कोणतं घेऊ? तुम्ही तर सगळं पारखून घेता." पारखून हा शब्द ऐकला आणि माझ्या तोंडाची चव गेली. मला त्यातलं काही कळत नाही असं सांगून मी दार लोटून घेतलं. बाई चांगल्या आहेत, त्यांना वाईट वाटलं असेल.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तपासनीस होतो. तयार झालेला भाग मापाला लावायचा, बसला तर बरोबरची खूण, नाही बसला तर लाल रंग. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच होतो. मटक्याला टिचकी मारल्याशिवाय मी मटका घेतला नाही. छत्री घेताना काड्या मोजल्या. मुलांच्या वह्यांची शिवण ओढून पाहिली. सगळ्या कॉलनीत माझी ख्याती होती, आणि खोटं काहून बोलू, मला ती आवडायची.

बायको केंद्र सरकारच्या एका कार्यालयात टाइपिस्ट होती. तिची बोटं मशीनवर चालायला लागली की आजूबाजूचे बाबू बोलणं थांबवायचे. समोरच्या कागदावर जे असेल ते, जसं असेल तसं, एकही अक्षर इकडचं तिकडे न होता उतरायचं. साहेबांनी चुकीचं लिहिलेलं असलं तर चुकीचंच उतरायचं. टाइपिस्टने स्वतःची अक्कल लावली की साहेब भडकतात, हे ती नोकरीच्या पहिल्याच वर्षी रडून शिकली होती. पुन्हा तिने कधी कुणाचं वाक्य दुरुस्त केलं नाही.

मग त्यांच्या कार्यालयात कम्प्युटर आले. काचेच्या दाराआड, थंड खोलीत, चपला बाहेर काढून आत जायचं. त्यांच्यापाठोपाठ परिपत्रक आलं. टाइपिस्टची पदं बंद. तीन महिन्यांनी बेसिक नावाच्या भाषेची परीक्षा होईल, पास होतील ते काचेच्या खोलीत, बाकीचे जावक शाखेत. जावक शाखा म्हणजे तळघरातली खोली. तिथे दिवसभर पाकिटांना डिंक लावायचा आणि पत्ते चिकटवायचे.

त्या संध्याकाळी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले लिफाफे नाही चिकटवायचे." एवढंच. तिचा हात मेथीवर होता, पण ती मेथीकडे पाहत नव्हती.

मी म्हटलं, "काहून घाबरून राहिली? पुस्तक मी आणून देतो."

तीही बरोबर यायचं म्हणाली. रविवारी आम्ही स्कूटरवर फुहाऱ्याच्या, म्हणजे कारंज्याच्या, बाजारात गेलो. तिथल्या एका गल्लीत पुस्तकांचं दुकान होतं. दुकानदाराच्या तोंडात पान, पायाशी लाल झालेला कोपरा, आणि बोलताना तो मान वर करायचा, म्हणजे आतला ऐवज सांडू नये. त्याच्या हातून काही घ्यायचीच मला किळस आली होती. त्या किळसेचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

बेसिकची पुस्तकं त्याच्याकडे दोन. एक पातळ, हिंदीत, कागद जरा पिवळट, कव्हरवर चित्रसुद्धा नाही. दुसरं चांगलं जाडजूड, वर लेखकाच्या नावापुढे पदव्यांची मालगाडी, आणि खाली छापलेलं की सर्व विभागीय परीक्षांसाठी, दोनशे प्रश्न, उत्तरांसकट.

बायकोने पातळ पुस्तक उचललं आणि स्टुलावर बसून वाचायला लागली. थोड्या वेळाने तिने पर्समधून पेन काढलं आणि जुन्या पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "यात सांगून राहिले का तुम्हीच मशीन बना. एकेक ओळ वाचा, आणि त्या ओळीनं काय झालं ते लिहा. पाहा, मले आलं." आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. "अहो, हे तर मले समजून राहिलं!"

मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं. पारखायला नको का? मागची पानं पाहिली. प्रश्न होते, उत्तरं एकाचंही नाही. मधलं एक पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की आता या प्रोग्राममधली एक ओळ मुद्दाम काढून टाका आणि काय होतं ते पाहा. मी ते दोनदा वाचलं. मुद्दाम काढून टाका! आमच्याकडे कुणी मुद्दाम एक स्क्रू काढून काय होतं ते पाहिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. मी दुकानदाराला म्हटलं, "ये किताब है कि मज़ाक? गलती करना सिखा रहे हैं!"

"भाईसाहब, चलती तो ये वाली है," तो मान वर करून म्हणाला आणि जाड पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

मग मी ते जाड पुस्तक तपासलं. शिवण ओढली, मजबूत. कागद उजेडात धरला, पांढराशुभ्र. अनुक्रमणिका मोजून पाहिली, पानांचे आकडे जुळत होते. गल्ल्याजवळ आणखी दोघं उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी दुकानदाराला बाइंडिंग कसं ओळखायचं ते समजावलं. आता ते आठवलं की अंगावर शहारा येतो. बायको पातळ पुस्तक हातात धरून उभी होती. मी म्हटलं, "चलो, ठेव ते." तिने ठेवलं.

घरी कम्प्युटर कुठला? तिने आपल्या जुन्या टाइपरायटरवर अभ्यास सुरू केला. रोज सकाळी पाच प्रोग्राम कागदावर टाइप करायचे, संध्याकाळी न बघता पुन्हा तेच. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा असतो, दहा, वीस, तीस असा, आणि मशीन त्या क्रमाने ओळी वाचत जातं. एवढं मला पण समजलं. आणि तेवढं समजलं म्हणून मी रोज जेवणानंतर पुस्तक घेऊन बसायचो, तिच्या कागदाशी पुस्तकातली ओळ न ओळ ताडून पाहायचो आणि जुळलं की पुस्तकात पेन्सिलने बरोबरची खूण करायचो. कारखान्यात करायचो तशीच, खाली छोटी सही. ती एकदाही चुकली नाही. मीच पास झाल्यासारखा मी दोन महिने छाती काढून हिंडलो.

एका रात्री तिने पुस्तक माझ्यापुढे धरलं. दहा आकडे घेऊन त्यांतला सगळ्यात मोठा आकडा दाखवायचा, असा तो प्रोग्राम होता. अर्धा एका पानावर, अर्धा उलटल्यावर.

"इथं साठनंतर एकदम एकशेदहा काहून आहे?"

मी पान मागे-पुढे केलं. "छापलं आहे ना? मग तसंच असेल."

"पण मधले सत्तर, ऐंशी..."

"तू नको डोकं लावू. इतके शिकलेले लोक आहेत, त्यांना काय समजत नाही?" आणि मी तिथे खूण केली. साहेबांच्या चिठ्ठीसारखं तिने तेही जसंच्या तसं पाठ केलं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. अशा परीक्षांचे प्रश्न असल्याच पुस्तकांतून उचलतात, हा जाड पुस्तक घेतानाचा माझा अंदाज तेवढा बरोबर निघाला. तिने मला नंतर सांगितलं तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. थंड खोली, अनवाणी पाय, समोर पहिल्यांदाच मशीन. सगळ्यांत आधी तिचं टाइप करून झालं. मशीनने एकेक करून दहा आकडे मागितले, तिने दिले. मग स्क्रीनवर फक्त "ओके" आलं. तिला वाटलं झालं, तिने हात वर केला. परीक्षक आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "दीदी, जवाब कहाँ है?" तिने सगळं पुन्हा टाइप केलं. पुन्हा "ओके". तिसऱ्यांदा केलं. मशीन हळू चालत असेल म्हणून ती हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे पाहत बसली, वेळ संपेपर्यंत. मोठा आकडा शोधणाऱ्या आणि दाखवणाऱ्या चार ओळी पान उलटताना गळल्या होत्या. छापणाऱ्याने गाळल्या, लिहिणाऱ्याने तो प्रोग्राम आयुष्यात कधी चालवून पाहिला नाही, आणि पदव्या मात्र कव्हरवर मावत नव्हत्या. थू!

निकाल लागला त्या दिवशी मी पुस्तक घेऊन तडक त्या गल्लीत गेलो. दुकानदाराला नाही नाही ते बोललो. त्याने शांतपणे कोपऱ्यात पिंक टाकली आणि म्हणाला, "हमने कब कहा अच्छी है? हमने कहा चलती है। जाँच तो आपने की थी।" मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. पिवळट कागदाचं ते पातळ पुस्तक मागे फळीवर तसंच होतं. ते विकत घ्यायचंही मला सुचलं नाही, इतका मी चिडलेला होतो.

घरी आल्यावर मी छापणाऱ्याला शिव्या देत होतो, लेखकाला देत होतो, दुकानदाराच्या पानाला देत होतो. ती कणीक मळत होती. म्हणाली, "त्यांना काहून शिव्या देऊन राहिले? मी तुम्हाले विचारलं होतं."

त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, ना भांडणात, ना थट्टेत. निवृत्त होईपर्यंत ती जावक शाखेत होती. रोज संध्याकाळी मोरीत उभी राहून बोटांवरचा वाळलेला डिंक दगडाने घासायची, तरी नखांच्या कडांना पिवळट खपल्या राहायच्या आणि पोळीलाही तो वास यायचा. मी ती पोळी मुकाट्याने खायचो. टाइपरायटरवरचं कापड तिने पुन्हा काही काढलं नाही.

शेजारच्या बाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी कपाटाचा खालचा खण उघडला आणि ते पान काढलं. शिवण अजून पक्की आहे, एक पान निखळलेलं नाही. साठच्या ओळीखाली तिने पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह काढलं आहे. आणि त्याच्यावरच, ते अर्धं झाकून टाकणारी, माझी बरोबरची खूण आहे. खाली सही.