ताट घेऊन गेलेला माणूस

ती सकाळ मला आजही आठवते. मी तेव्हा कल्याणच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. हजेरी संपली होती, चहा यायचा होता, आणि ठाणे अंमलदारासमोर तिशीतला एक गृहस्थ उभा होता. त्याचे वडील आदल्या सकाळपासून बेपत्ता होते.

मिसिंगची तक्रार आम्हाला रोजचीच. पण या काकांचा मूत्रपिंडाचा कॅन्सर फुफ्फुसांत पोचला होता. दोन गाठी होत्या. फक्त त्या गाठींवर नेम धरून किरण सोडायचे, अशी पाच सिटिंग माजिवड्याजवळच्या रुग्णालयात ठरली होती. दोन झाली, तिसरं काल चुकलं. मी डॉक्टरांना फोन लावला.

"एखाद-दोन दिवस सांभाळून घेऊ," ते म्हणाले. "त्यापुढे उशीर नको, साहेब."

घर जुन्या गावकऱ्यांचं, जमीनवाल्यांचं. मुलगा ठामपणे म्हणाला, "बिल्डरच्या माणसांनी उचललंय." मीही भुललो. एका जमीन दलालाला समोर बसवलं आणि माझी सगळी नाटकं केली. खुर्ची सरकवली, पेन ठोकलं, मध्येच डोळे मिटून गप्प बसलो. दलाल शांतपणे म्हणाला, "साहेब, आजारी म्हाताऱ्याला उचलून ठेवू कुठे? त्यांच्या गोळ्यांची नावं तरी मला येतात का?"

उत्तर बिनतोड होतं. अर्धा दिवस वाया गेला होता.

मग मी घरी गेलो. सून दहा दिवसांच्या बाळाला घेऊन बसली होती. दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. परवा बारसं होतं.

"काय काय नेलंय त्यांनी?"

"काही नाही. फक्त त्यांचं ताट आणि तांब्या दिसत नाही," ती म्हणाली. "पहिलं सिटिंग झाल्यापासून ओटीवरच जेवायचे. ताट स्वतः धुवायचे. बाळाला हातसुद्धा लावला नाही."

उचलून नेलेला माणूस आपलं ताट बरोबर नेत नाही.

निघताना मी त्यांच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याला कानोसा घ्यायला सांगितलं होतं; दुपारी त्याचा फोन आला. "साहेब, त्या घरातल्या आजी कालही आणि आजही शहाडला गेल्या. जाताना डब्याला सुक्या बोंबलाचा वास, येताना डबा रिकामा."

मी काकांच्या बायकोसमोर मांडी घालून बसलो. "मावशी, डबा कोणाचा?"

"देवलाचा."

"कुठला देव बोंबील खातो?"

तिने पदर तोंडाला लावला. "शपथ घातलीय त्यांनी. बोलाचा नाय."

"मग बोलू नका. नुसतं रिक्षात बसा. मी मागून येतो."

शहाडला तिच्या भावाची बंद खोली होती. काका आत भिंतीला टेकून बसले होते. मला बघताच हात वर केला. "लांब उभं ऱ्हा, सायब. मना मशिनीच्या खोलीन कोंडतान, जाड दार लावतान, नि सगली भायेर पलतान. अंगान काय नसल, त पलतान कश्याला? घरान तान्हं हाय."

"डॉक्टरांना विचारायचं ना."

"डॉक्टरानी हो बोल्लं, त सून पोराला घेऊन माहेरा जाल. मंग मीच गेलू."

दुसऱ्या सकाळी मी त्यांना गाडीत घालून माजिवड्याला नेलं. मशीनच्या खोलीपाशी ते अडून बसले. तेवढ्यात मशीन चालवणारी मुलगी त्यांना घ्यायला आली. पोट चांगलं पुढे आलेलं. काका मागे सरकले.

"बाय, कितवा?"

"सातवा, काका."

"नि हितं?"

"मशीन चालू असताना बाहेर, बंद झालं की आत. किरण मशीनबरोबरच थांबतात, तुमच्या अंगात राहत नाहीत. दिवसभर सगळ्यांना हात देऊन मीच उठवते."

काकांनी तिच्या पोटाकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडी समजुतीने जे झालं नसतं, ते या साक्षीदाराने केलं. ते म्हणाले, "मंग दे हात."

पुढची सिटिंगही वेळेवर झाली. गाठींचं काय झालं हे कळायला तीन महिन्यांनंतरच्या स्कॅनची वाट पाहायची होती, आणि ते महिने त्या घराने कसे काढले ते मी पाहिलंय. पण त्या तिसऱ्या सिटिंगच्या दुसऱ्याच दिवशी, बारशाला, काका पाळण्याशेजारी बसले होते, आणि बाळ दुसऱ्या कुणाकडे द्यायला तयार नव्हते.

तोवर प्रत्येक मिसिंगमध्ये माझा पहिला प्रश्न असायचा, कुणाशी भांडण झालं होतं का? त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, घरात त्यांचं सगळ्यात लाडकं कोण?