रीना कोवेचे दोन तबकड्यांचे घड्याळ

रीना कोवे हिची आणि माझी ओळख चंद्रपूर जिल्ह्यातील मूल या गावी संगणक वर्गात झाली. ती तेथे विद्यार्थिनी होती आणि मी पहारेकरी होतो. त्यापूर्वी चाळीस वर्षे मी मामा तलावात, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावात, जाळे टाकले. गुडघे थकल्यावर ही नोकरी मिळाली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी प्रौढ साक्षरता वर्गात मी अक्षरे शिकलो, म्हणून हे लिहू शकतो. जे पाहिले तेवढेच लिहितो.

रीना जंगलातील एका लहान गावची. मूलला मुलींच्या वसतिगृहात राहून ती शिकत असे. तिचा थोरला भाऊ लालसू सैन्यात होता. तो आफ्रिकेतील कांगो देशात शांतिसेनेत गेला होता. आई धुरपताबाई गावात एकटी राहत असे. गावात फोन नव्हता. सात महिने तिने मुलाचा आवाज ऐकला नव्हता.

२००७ साली जानेवारीच्या आरंभी लालसूचे पत्र वर्गाच्या पत्त्यावर आले. रीना तेव्हा परीक्षेसाठी चंद्रपूरला गेली होती. धुरपताबाई बाजाराला आली असता मीच ते पत्र तिला वाचून दाखवले. त्या महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी साडेआठ वाजता तो वर्गाच्या फोनवर बोलणार होता. त्यानंतर त्याची तुकडी आतल्या चौकीवर जाणार होती व तेथून पावसाळ्यापर्यंत फोन करता येणार नव्हता. एकही अक्षर न चुकता मी वाचले, याचा मला अभिमान वाटला.

पहिल्या रविवारी धुरपताबाई पहाटेच्या गाडीने आली आणि फोनसमोरच्या बाकावर बसली. साडेआठ झाले, नऊ झाले, दहा झाले. फोन वाजला नाही. अकराच्या गाडीने ती परत गेली आणि मी वर्गाला कुलूप लावले.

रीना परतल्यावर मी तिला सर्व सांगितले. तिने पत्र दोनदा वाचले.

"भाऊ, तुमी बरोबरच वाचले. पण हे साडेआठ कोनाचे? आपले का तिकडं त्याहीचे?"

सूर्य सर्वांकडे एकाच वेळी उगवतो, असे मी तोपर्यंत धरून चाललो होतो.

त्या वर्गात पडद्यावर वेबपान तयार करण्यास शिकवीत असत. रीनाने ठरवले की पडद्यावर कायम राहील असे घड्याळ बनवायचे. वरची तबकडी मूलची, खालची लालसूच्या छावणीची. आईच्या डब्याचे झाकण कागदावर ठेवून तिने पेन्सिलीने गोल काढला आणि काटे कुठे येतील ते आधी कागदावर मांडले. मग चार दिवस ती संगणकासमोर बसली. तबकडीचा रंग, आकडे आणि गावाचे नाव हवे तसे बदलता येईल, अशी सोय तिने केली. दिवस असेल तेथे तबकडी हिरवी आणि रात्र असेल तेथे काळी होत असे. मी मागे उभा राहून पाहत असे. मला इंग्रजी आकडे येत नाहीत, हे कळताच तिने दोन्ही तबकड्यांवर मराठी आकडे बसवले.

गुरुवारी दुपारी बारा वाजता घड्याळ पूर्ण झाले. वरची तबकडी हिरवी, बारा. खालची मात्र काळी, आणि तिच्यात दहा वाजलेले! डिंपल नावाची तिची मैत्रीण मोठ्याने हसली.

"काऊन वो रीना, तुह्या भावाकडं भर दुपारी रात्र होते का?"

आमचे शिक्षक सुरेंद्रसर म्हणाले, "ह्या हिशोबानं तुह्या मायले रातच्या साडेदहाले आनावं लागन. मनसारामभाऊ, कंदील काढून ठेवा!" मनसाराम म्हणजे मी.

रीना हसली नाही. तिने पिशवीतून पत्र काढले. त्यात लालसूने लिहिले होते की आमच्याकडे उजाडते तेव्हा तुमच्याकडे न्याहारी झालेली असते.

"सर, तो आपल्या मांगं हाय. माहं घड्याळ त्याले पुढं दाखवून राह्यलं. कुठीतरी खोटं हाय."

"तुह्या लिहिन्यात असन."

तिने आपले लिखाण ओळीओळीने तपासले. चूक सापडली नाही. मग तिने पडद्याच्या कोपऱ्यातील मूळ घड्याळ उघडले.

"त्याले हात नोको लावू," सर म्हणाले. "मीच लावलं हाय ते. मिनिटाचाबी फरक नाई."

"काटे तुमी लावले, सर. पण जागा कोनती हाय ते पाहा."

आत जगाचा नकाशा होता. संगणक आला तेव्हापासून तो स्वतःला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समजत होता! सरांनी काटे तेवढे मूलचे लावले होते. म्हणून अमेरिकेत दुपारचे बारा वाजतात तेव्हा कांगोत किती वाजतात, ते खालची तबकडी दाखवत होती. रीनाने जागा बदलून भारत केली. त्याबरोबर काटे पळाले, तारीख एका दिवसाने पुढे गेली आणि वरची तबकडीही काळी होऊन दीड दाखवू लागली.

"घ्या! आता दोन्हीकडं रात्र," डिंपल म्हणाली.

रीनाने शांतपणे तारीख मागे घेतली आणि काटे बारावर आणले. वरची तबकडी हिरवी झाली. त्याच क्षणी खालचीही हिरवी झाली आणि तिच्यात साडेआठ वाजले. सर उठले आणि त्यांनी आठही संगणकांतील जागा तपासली. आठही अमेरिकेत होते.

तिसऱ्या रविवारी धुरपताबाई दहाच्या गाडीने आली. पदरात बांधलेला भात तिने सोडला नाही. रीना फोनजवळ बसली आणि मी खालची तबकडी मोठ्याने वाचू लागलो. आठ वाजून पंचवीस. आठ वाजून अठ्ठावीस. आठ वाजून एकतीस मिनिटांनी फोन वाजला.

धुरपताबाई गोंडीत बोलत होती. मला "लालसू" एवढेच कळले; ते तिने बारा-तेरा वेळा म्हटले. दहा मिनिटांनी बोलणे संपल्यावर तिने फोन खाली ठेवला, भात सोडला आणि आम्हां सर्वांना वाढला. सुरेंद्रसर खाली बसून जेवले आणि म्हणाले, "रीना, ते घड्याळ सगळ्या संगणकांवर टाक. मलेबी शिकव."

तिने शिकवले. पुढे दोन भात गिरण्यांच्या कार्यालयांत ते घड्याळ लागले. एका गिरणीने तबकडी पिवळी करून घेतली. लालसू वर्षअखेर सुखरूप परतला. रीनाला चंद्रपूरला शिकवण्याची नोकरी मिळाली. निघण्याच्या दिवशी तिने वर्गाची तिच्याकडची दुसरी किल्ली माझ्या हातात दिली आणि ती म्हणाली,

"भाऊ, संगणकाच्या आतली बॅटरी गेली का घड्याळ बिघडते. काटे लावाच्या आधी जागा पाहत जा."