डावीकडची सीट

नववीच्या वर्गावर होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "बाई, खाली सलीमभाई आलेत, तुम्हाला बोलावतात." खिडकीतून पाहिलं तर शाळेच्या फाटकाशी त्यांची लाल गाडी उभी होती, आणि गाडीचं कापडी टप वर चढवलेलं. बाहेर कडक ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही. माझ्या नवऱ्याचा हा मित्र भर पावसातसुद्धा टप चढवताना कुरकुरणारा. जिना उतरता उतरताच मला काय ते कळलं... सलीमभाईंनी दार उघडून धरलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाभी, बैठिए. घरी जाऊ या." बाजारातून जाताना लोकांनी माझ्या तोंडाकडे बघू नये म्हणून त्यांनी टप चढवलं होतं, हे मला नंतर उमगलं. भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गर्दीतून, कापडाच्या ताग्यांनी लादलेल्या हातगाड्यांमधून ती गाडी इतकी सावकाश चालली होती की घर कधी येऊच नये असं मला वाटत राहिलं.

यशवंत गेले त्याला आता काही आठवडे झाले. नाव घेऊन लिहिते आहे, वाचकांनी नवल मानू नये. आयुष्यभर 'अहो' म्हटलं. आता त्या हाकेला ओ द्यायला कोणी नाही, तर नाव घ्यायला कसली हरकत? यशवंत खाडीकडच्या एका गावातल्या शेतकरी घरातले. वडिलांनी थोडी जमीन विकून नारपोलीला पॉवरलूमचं कारखानावजा शेड उभं केलं, ते यशवंतांनी वाढवलं. दिवसभर त्या खडखडाटात बसणारा हा माणूस घरी आला की हळू बोलायचा, हळू जेवायचा. नाद असा एकच, गाड्यांचा. आणि तोही साध्यासुध्या गाड्यांचा नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. ठाण्यातल्या कोणा साहेबाच्या बंगल्यामागे ताडपत्रीखाली एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार पडून होती. दोन दारं, दोन सीटा, उघडणारं टप, आणि उंची इतकी कमी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसायचं. यशवंतांनी ती टेम्पोवर घालून आणली. वर्ष-दोन वर्षं शेडच्या मागे तिच्याशी झटापट केली, हिरवा रंग दिला. गल्लीतल्या पोरांनी त्याच दिवशी तिचं नाव बेडकी ठेवलं. माझ्या सासूबाई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "दोनच मानसं बसतान हिच्यात, ही कसली गाडी? पोरांना काय डोक्यावर घेनार हाय?" मला मनातून तेच म्हणायचं होतं. दोन मुलं, म्हातारी आई आणि बायको असलेल्या माणसाने दोन सीटांची गाडी आणायची, याला काय म्हणावं! पण पहिल्यांदा मी शेजारी बसले, केसांचा पार झाडू झाला, डोळ्यांत वारा जाऊन पाणी आलं, आणि शेजारी हा अबोल माणूस मोठमोठ्याने हसत होता. तेवढं हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं. मी तक्रार गिळून टाकली.

असे छंदिष्ट एकमेकांना कसे सापडतात देव जाणे. सलीमभाईंचेही लूम होते, त्यांची गाडी लाल. कल्याणचे एक डॉक्टर होते, केळकर, त्यांची पांढरी. आणखी दोघे ठाण्याकडून यायचे. दर रविवारी सकाळी पाच गाड्यांची रांग वाडा गावच्या रस्त्याला लागायची. अंबाडी नाक्याला थांबायचं, चहा, गरम वडे, मग पाचही बॉनेट उघडून पाच पुरुष आत डोकं खुपसून उभे. शर्यत वगैरे काही नाही. त्या रस्त्याला शर्यत लावायची म्हणजे आधी खड्ड्यांची परवानगी घ्यावी लागली असती. एकामागून एक चालायचं, मोकळा पट्टा आला की थोडी गाडी सोडायची, आणि ट्रकमागे अडकलं की गुमान सुताच्या गोण्या बघत बसायचं. मध्ये आमच्या गावाने दंगलीचे फार वाईट दिवस पाहिले. कित्येक महिने कोणी कोणाच्या दारात जाईना. पण रस्ते मोकळे झाल्यावरच्या पहिल्या रविवारी सलीमभाईंचा हॉर्न आमच्या दाराशी वाजला होता. यशवंत चप्पल न घालताच खाली धावले होते.

मग ते डोळ्यांचं सुरू झालं. आधी संध्याकाळी जिन्यावर अडखळायला लागले. नाक्यावर कोणी बाजूने चहाचा ग्लास पुढे केला तर तो त्यांना दिसायचाच नाही, समोरून धरला तर दिसायचा. मला वाटायचं, गप्पांच्या नादात लक्ष नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही दोघांनी शेजारी बसून ऐकलं. नजर कडेकडून विझत जाईल, समोरचं तेवढं दिसेल, नळीतून बघावं तसं, आणि मग तेही... उपाय नाही. परत येताना यशवंत एवढंच म्हणाले, "समोरचं दिसतं ना, मग झालं. गाडी समोरच तर जाते."

माझा जीव त्या दिवसापासून टांगणीला लागला. लूमचं शेड मुलगा बघू शकला असता, घरातलं मी बघत होतेच, पण रविवारची गाडी सोडा असं या माणसाला सांगणार कोण? मी एकदा सांगून पाहिलं, दोन दिवस घरात शब्द नाही. डॉक्टर केळकरांनी सांगून पाहिलं, तर त्यांनाच म्हणाले, "तू तुझी गाडी नीट चालव." शेवटी मित्रांनी आपल्यापुरता तोडगा काढला. पुढे सलीमभाई, मागे डॉक्टर, आणि मध्ये आमची बेडकी. लाल गाडीच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवायची आणि चालायचं. यशवंतांना हे कळत होतं. तरी ते लाल गाडीच्या मागेच राहायचे. मी शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून रस्ता बघायची आणि देवाचं नाव घ्यायची.

अंबाडीच्या अलीकडे एका उतारावर ते व्हायचं ते झालं. डाव्या बाजूच्या झाडीतून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन रस्त्यावर आली. मी किंचाळले. यशवंतांना ती दिसलीच नव्हती. माझ्या ओरडण्यावर त्यांनी ब्रेक दाबला, पण मोळीचं टोक गाडीला घासलं, मोळी उडाली आणि बाई खाली बसली. लागलं नव्हतं तिला, नुसतं कोपराला खरचटलं होतं. ती उठली आणि असं काही बोलली की पाचही गाड्यांतल्या माणसांच्या माना खाली गेल्या. "डोलं हायती का न्हाय तुला?" हे तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, धरणीने मला पोटात घ्यावं. यशवंत खाली उतरले. रस्त्यावर लाकडं पसरली होती. ते ती वेचायला लागले. समोरचं लाकूड उचलत होते आणि पायाशी पडलेली त्यांना दिसत नव्हती, हात रस्त्यावर चाचपडत होता. त्या बाईने ते पाहिलं. मग खाली बसून तीच त्यांच्या हातात एकेक लाकूड देऊ लागली. मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिल्यावर यशवंत माझ्याकडे आले, गाडीची चावी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "सुमन, तू शीक." त्या दिवशी डॉक्टरांनी आपली पांढरी तिथेच ठेवून आमची गाडी परत आणली. आम्ही दोघं सलीमभाईंच्या गाडीच्या एकाच सीटवर कोंबून बसलो. पूर्ण रस्ता यशवंतांनी तोंड फिरवून ठेवलं होतं.

चाळिशीला टेकलेली मी, नऊवारी सासूची सून, मराठीची बाई. मी स्पोर्ट्स कार चालवायला शिकले, हे आज लिहितानासुद्धा मला खोटं वाटतं. गावच्या भातशेतात कापणीनंतर जमीन कडक होते, तिथे त्यांनी मला शिकवलं. शिकवताना मात्र खूप बोलायचे. "माझ्याकडे काय बघतेस? रस्त्याकडे बघ. तुझी नजर हलली की गाडी हलते." क्लच सोडताना गाडी आचके द्यायची, तेव्हा म्हणायचे, "अगं, पोळी उलटतेस तशी सोड. एकदम सोडलीस तर फाटणार." दोन-तीन महिन्यांनी मी रांगेत गाडी घातली. पुढे लाल, मागे पांढरी, मध्ये मी. अंबाडीला पोचल्यावर सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या, "भाभी ने तो कमाल कर दिया, यार! काय चालवली!" सगळे हसले. यशवंत हसले नाहीत. वडा अर्धा टाकून ते गाडीत जाऊन बसले, डावीकडे.

त्या दिवसापासून गाडीत बसले की त्यांच्या तोंडाला कुलूप. घरी बोलायचे, जेवताना बोलायचे, मुलांशी चेष्टा करायचे. पण डावीकडच्या सीटवर बसले की चेहरा समोर, दोन्ही हात मांडीवर, दगडासारखे. मी चांगली चालवली तरी गप्प, चुकले तरी गप्प. त्यांची नजर वर्षागणिक विझत गेली, शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. तरी रविवारी सहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. एकदा वाटेत माझा संयम सुटला. मी म्हटलं, "अहो, एक शब्द तरी बोला! मी कोणी भाड्याची ड्रायव्हर आहे का?" ते म्हणाले, "रस्त्याकडे बघ." मला ते फार लागलं. आणखी एकदा नाक्यावर विचारलं, "इतका त्रास होतो, तर येता कशाला?" त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "घरी बसून काय बघू?" मी पुन्हा कधी विचारलं नाही. मनाशी धरून चालले की मी त्यांच्या जागेवर बसले आहे आणि हे त्यांना कधीच सहन होणार नाही. चांगलं चालवते हा माझा गुन्हा होता, असं मला वाटायचं... आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागही यायचा.

पुढे रांग विरळ होत गेली. ठाण्याच्या दोघांनी गाड्या विकल्या. डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले. शेवटी लाल आणि हिरवी अशा दोनच उरल्या. रस्त्यावर ट्रक वाढले, दोन्ही बाजूंना गोदामं उभी राहिली, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या गाड्या त्या धुळीतून अंबाडीला जाऊन चहा पिऊन परत यायचो. ते गेले त्याच्या आदल्या रविवारीही गेलो होतो. परतताना मी एका टँकरला ओलांडलं, जरा घाईच केली. यशवंतांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला, बाकी काही नाही. मंगळवारी सकाळी ते ओट्यावर खुर्चीत बसले होते, सुनेने चहा आणून दिला, ती कप न्यायला आली तर चहा तसाच होता. मी तेव्हा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. मुलगा मला जपून जपून म्हणाला, "आई, मुंबईचा एक माणूस बेडकी बघायला यायचं म्हणतो. तू म्हणशील तसं." घरात जागा नाही, मुला-सुनेचेही पोराबाळांचे दिवस आहेत. मी म्हटलं, येऊ दे. गाडी धुतली पाहिजे म्हणून गेल्या रविवारी सकाळी बादली आणि फडकं घेऊन शेडच्या मागे गेले. आधी माझी बाजू पुसली. मग डावीकडचं दार उघडून गुडघे टेकले आणि सीटच्या पुढे, जिथे पाय ठेवतात तिथे हात घातला. ती जागा बोगद्यासारखी खोल आणि काळोखी, चालवणाऱ्याला कधी दिसत नाही, आणि मला तर नजर हलवायची मनाई होती. तळाला जाड काथ्याचं पायपुसणं अंथरलेलं असतं, ते पुढे तिरप्या फळीवर चढवलेलं. माझा हात त्या फळीवर फिरला आणि थांबला. पायपुसणं तिथे फाटलं होतं. एक भोक डावीकडे, एक उजवीकडे. आतला पत्रा लागत होता, घासून घासून गुळगुळीत झालेला.

मी उठून उजवीकडे गेले, वाकून माझ्या बाजूला पाहिलं. पुन्हा डावीकडे आले. एक भोक होतं तिथे क्लच असता, दुसरं होतं तिथे ब्रेक.

मी तशीच मातीत बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या शेजारी एक रुसलेला माणूस बसतो. तो गाडी चालवत होता. मी गिअर बदलला की तो क्लच दाबत होता, मी ब्रेक मारला की तोही मारत होता, दिसत काही नसताना, नुसत्या आवाजावर, भिवंडी ते अंबाडी आणि परत. बोलणार कधी आणि कसा? त्या टँकरला ओलांडताना त्याने किती जोराने पाय दाबला असेल... एकेरी लिहून गेले, राहू दे तसंच.

मुलगा शोधत आला. म्हणाला, "आई, त्या माणसाला काय सांगू?" मी फडकं बादलीत टाकलं. डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. कितीतरी वर्षांनी बसत होते तिथे. पाय लांब केले, त्या दोन भोकांवर ठेवावेत म्हणून. सीट त्यांच्या मापाने मागे सरकवलेली होती. मी पाय ताणून पाहिले, टाचा उचलून पाहिलं. माझे पाय तिथपर्यंत पोचले नाहीत.