सारवलेली गाडी

गेल्या उन्हाळ्यात माझा उजवा अंगठा संपावर गेला. बाकीची चार बोटं कामाला हजर, पण फडकं आवळून धरायला अंगठाच लागतो, आणि हा पठ्ठ्या वाकायलाच तयार नाही. डॉक्टरांनी दाबून बघितला, मी ओरडले, त्यांनी मान हलवली. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "झालं की आई आता. किती घासशील? उद्यापासून शेडमध्ये यायचं न्हाय. घरात टीव्ही हाय, पंखा हाय. बस निवांत."

निवांत बसणं मला कधी जमलंच नाही. बेळगावात काकतीच्या रस्त्याला आमची गाड्यांना रंग द्यायची शेड आहे. आमच्या ह्यांनी ती उभी केली, आता मुलगा चालवतो. रंग मारायचे हे, आणि तो हातानं घासून त्याला चकाकी आणायची मी. हे गेले तरी मी काही घर धरलं नाही. सकाळचा चहा झाला की पदर खोचून शेडमध्ये हजर. तिथं थिनरचा वास असतो, रेडिओवर कानडी गाणी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या भानगडी कळतात. ते सोडून मालिकेतल्या सासवांची कारस्थानं बघत बसू? त्यांच्यापेक्षा बरी कारस्थानं मला येतात.

हा घासायचा नाद मला कसा लागला ते सांगते, म्हणजे तेव्हाची मी किती शहाणी होते तेही कळेल. माझं माहेर वडगावचं, विणकराचं. घरात माग, त्यामुळं कापडाच्या तुकड्यांना तोटा नाही. लग्नानंतर ह्यांच्या तोंडून एकदा निघून गेलं की पॉलिशला मऊ कापड मिळत नाही. झालं! नवी नवरी माहेरी गेली ती डोक्याएवढं गाठोडं घेऊनच परत आली. वर म्हणते कशी, "कापड माझं, तर घासणार पण मीच." हातात भरगच्च हिरवा चुडा. पहिल्याच गाडीच्या दारावर तो असा काही किणकिणला, की मांजरानं नखं ओढल्यासारख्या रेघा उठल्या. हे म्हणाले, "बांगड्या काढ." सासूबाई आतून ओरडल्या, "नव्या नवरीनं चुडा काढायचा न्हाय!" मग मीच अक्कल लढवली. दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळल्या आणि लागले घासायला. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली आणि हळहळली, "अगं बाई, दोन्ही हात मोडलेत व्हय गं पोरीचे? आणि तरी कामाला जुंपलंय!" सासूबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी देवापुढं दिवा लावून त्यांनी स्वतःच माझा चुडा उतरवला.

पॉलिशचं काम तसं सोपं दिसतं. कंपौंड म्हणजे दाट मलमासारखा लगदा. तो फडक्यावर घ्यायचा आणि रंगावर घासत राहायचं. रंगाची बारीक खरखर निघते आणि खालचा गुळगुळीत थर वर येतो. मी घासायची ते अर्धगोल, हाताच्या एका फेकीत. जमीन सारवायला लहानपणीच शिकलेली, हात तसाच फिरायचा. ह्यांनी एकदा भीत भीत विचारलं होतं, "जरा सरळ घासून बघतीस काय?" मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "सारवताना कोण सरळ सारवतं?" गिऱ्हाईक म्हणायचं, "आक्काचा हात फिरला की गाडी नवी होती." आणि आक्का पुरीसारखी टम्म फुगायची.

मागं एका दिवाळीला सुनेनं पॉलिशची मशीन आणली. विजेवर चालणारी, पुढं गरगर फिरणारी गादी, बाजूला धरायला दांडा. फोनवर बघून बघून ती चालवायला शिकली आणि नव्या गाड्या सगळ्या तिच्याकडं गेल्या. मी नावं ठेवायला कमी केलं नाही. "मिक्सरला दांडा लावलाय," म्हणायची. "आमटीला मसाला वाटून दे म्हणावं." हे कोण म्हणतंय, तर जिच्या बापानं हातमाग उचलून पॉवरलूम बसवला आणि त्याच्या खडखडाटात जिला गाढ झोप लागायची, ती. आज आठवलं की माझं मलाच हसू फुटतं.

तर अंगठा बसला, मुलानं फर्मान काढलं आणि त्याच आठवड्यात निपाणीहून काळी गाडी आली. जुनी, गोल पाठीची, ह्यांनी स्वतः रंगवलेली. ह्यांच्या हातच्या बाकी गाड्या कधीच भंगारात गेल्या. ही एकच उरली. मालक तंबाखूचे व्यापारी, ह्यांचे जुने दोस्त. मी त्यांना अण्णा म्हणते. नातीचं लग्न ठरलेलं, नवरी ह्याच गाडीतून जाणार.

"आक्का," अण्णा म्हणाले, "तुमच्याच हातानं करायचं. मशीन लावायचं न्हाय."

मी मुलाकडं असं बघितलं की त्याला समजावं. तो म्हणाला, "अण्णा, आईचा हात दुखतोय."

"कोण म्हणतंय?" मी म्हणाले आणि फडकं उचललं.

अंगठा नाही तर नाही, तळव्याखाली फडकं दाबून मी बॉनेटचा एक कोपरा घासला. घाम निघाला, डोळ्यांत पाणी आलं, पण कोपरा चमकला. मी ऐटीत सुनेला हाक मारली. ती आली. खिशातनं बॅटरी काढली आणि रंगावर तिरका उजेड टाकला.

उजेडात गाडीवर जमीन दिसली. सारवलेली जमीन! अर्धगोलाला अर्धगोल लागलेला, एका हाताच्या फेकीएवढा एकेक, बॉनेटभर, छतभर, मडगार्डावर. आज घासलेल्या कोपऱ्यात ताजे, बाकी सगळीकडं जुने. ह्या हातानं पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या, किती गाड्या केल्या असतील! फिक्या रंगात दिसलं नाही एवढंच. अर्धं बेळगाव मी सारवून ठेवलं होतं की!

"आत्ती," सून हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाला वाटून घेऊ?" मी म्हणाले. "रांगोळी तेवढी घालायची राहिली."

दोघी हसलो. हसून झाल्यावर मात्र मी परत बॉनेटवर वाकून बघितलं. हातानं ह्या रेघा निघणार नव्हत्या, आणखी पडणार होत्या. काम मशीनचं होतं. आणि मशीनला अंगठा लागत नाही, ती दोन्ही मुठींत धरून न्यायची असते, हे त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. मी लगेच म्हणाले, "मला शिकव."

मुलगा धावत आला. "आई, ह्या गाडीवर न्हाय. बाबांचा रंग हाय हा. पातळ झालाय. एकदा जळला की संपला. परत तसा कोण मारणार?"

"मग भंगारातलं दार दे."

भंगारातलं दार मिळालं. सुनेनं माझा पदर कमरेभोवती आवळून वरून तिचा जाड ॲप्रन बांधला, नाहीतर इरकल गादीला गुंडाळून मीच गरगर फिरले असते. मी बटण दाबलं आणि मग मशीन दारावर टेकवली. हे उलटं करायचं असतं. सगळा कंपौंड माझ्या तोंडावर, भिंतीवर आणि सुनेच्या केसांत. केस पुसत ती म्हणाली, "आधी टेकवायचं, मग बटण. आणि भाकरी थापू नका आत्ती, दाबायचं न्हाय."

मी दाबलं. जन्मभर दाबलेलं, हात ऐकतोय काय! कडेवरून मशीन नेली, करपल्याचा वास आला आणि रंग जाऊन खालचा राखाडी थर उघडा पडला. मुलगा तिकडून बघत होता. तो एवढंच म्हणाला, "बघितलंस?" बघितलं होतं. हीच कड काळ्या गाडीची असती तर ह्यांची शेवटची गाडी माझ्याच हातानं गेली असती, आणि मी टीव्हीपुढं. पंखा फुल्लवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत दार. सून म्हणाली, "आधी उभं न्यायचं, अलीकडनं पलीकडं, सावकाश. मग त्याच जागेवर आडवं."

"अगं, मग हे मागासारखं सांग की! उभे धागे, आडवे धागे."

"मला कुठं माग माहिती?" ती म्हणाली. "माझं माहेर सांबऱ्याचं. आमच्यात ऊस."

मला मात्र आता समजलं. माग पळत असताना माझी आई धाग्यावर नुसतं बोट टेकवायची, दाबायची नाही. मशीन पळते म्हणून बाईनं पळायचं नाही, असं ती म्हणायची. मी मशीन सैल धरली. तिच्या वजनानं तिला जाऊ दिलं. उभी नेली, आडवी आणली. कडा आल्या की उचलली. दार उन्हात नेलं, तर त्यात आमच्या शेडचं पत्र्याचं छप्पर पन्हळीसकट सरळ दिसलं.

मुलानं दार पालथं घालून बघितलं, बॅटरी मारली, वास घेतला. मग म्हणाला, "फक्त डिकी. कडांना टेप लावून. आणि अण्णांना विचारून."

अण्णांना मी बोलावून घेतलं आणि मुलाला गाडी उन्हात ढकलायला लावली. "ह्या गोल गोल रेघा दिसतात काय अण्णा? माझ्या हाताच्या हायत. हातानं निघायच्या न्हाईत."

अण्णांनी वाकून बघितलं. मग ताठ होऊन म्हणाले, "म्हणजे गाडीवर हायत व्हय ह्या? मला उन्हात दिसायच्या, मला वाटायचं मोतीबिंदू. दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आलो की ओ! तो म्हणतोय डोळे चांगले हायत, मी म्हणतोय गोल दिसतंय."

"मग लावू काय मशीन?"

"कोण लावणार?"

"मीच. हात माझाच, मशीन नुसती पुढं."

त्यांनी मुलाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. "लावा," म्हणाले. "पण मी इथं बसणार." आणि खुर्ची ओढून बसले.

डिकीच्या कडांना टेप लावली. मशीन टेकवली, मग बटण. उभं, सावकाश. पांढरी गादी काळी व्हायला लागली आणि मी ओरडले, "रंग येतोय!" सून म्हणाली, "थोडा येणारच आत्ती, जुन्या रंगाचा येतोच. थांबू नका, एका जागी थांबू नका." मी थांबले नाही. आडवं. परत उभं. कपाळावरचा घाम सुनेनं तिच्या बाहीनं पुसला. शेवटी टेप काढून कडेचा पट्टा चार बोटांनी, नव्या मऊ कापडानं, सरळ रेघेत घासला. आयुष्यात पहिल्यांदा सरळ. हे वरून बघत असतील तर डोक्याला हात लावून बसले असतील.

मुलगा बॅटरी घेऊन आला. वरून मारली, बाजूनं मारली, गुडघ्यावर बसून मारली. डिकीत विजेच्या खांबावरच्या तारा उमटल्या होत्या, मागावर ताणलेल्या धाग्यांसारख्या, एकही वाकडी नाही. कडांवर रंग जागच्या जागी. त्यानं बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "काय रं, सापडलं काय?"

"न्हाय," मुलगा म्हणाला. बॅटरी बंद केली. मग माझ्याकडं न बघता, "उद्या बॉनेट घे, आई. सकाळी ऊन चढायच्या आत."

लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. नवरी गाडीपाशी आली, बसायच्या आधी वाकून तिनं दारात बघत टिकली नीट केली. तेवढं मला पुरे झालं. अण्णा मांडवात दिसेल त्याला सांगत होते की त्यांचे डोळे एकदम उत्तम आहेत.

टीव्ही आहे तिथंच आहे. सकाळी मी चहा घटाघट पिते आणि सुनेच्या आधी शेड गाठते, कारण मशीन एकच आहे आणि जी आधी पोचेल तिची. सून उशिरा आली की तिच्या हातात फडकं देते. कडा तेवढ्या ठेवलेल्या असतात तिच्यासाठी. ती म्हणते, "आत्ती, मशीन मी आणलीय." मी म्हणते, "व्हय, आणि लई चांगली आणलीस गं." आणि बटण दाबते. आधी टेकवून, मग.