दसऱ्याला गुदमरलेला सेल

पनवेलच्या एका बॅटरी कारखान्यात मी एकटी केमिस्ट होते आणि त्याची मला भरपूर घमेंड होती, हे आधीच सांगून टाकते. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मला जस्त आणि हवेवर चालणारा, पुन्हा पुन्हा चार्ज होणारा सेल करायचा होता. त्यात जस्त आत असतं आणि ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, जाळीतून येतो. जाळीवरचा उत्प्रेरक सेल चालताना तो ऑक्सिजन वापरायला मदत करतो आणि चार्ज होताना परत सोडायला. दोन्ही कामं करून टिकेल असा उत्प्रेरक काही सापडेना. जाळीवर कार्बन वापरलेले सेल तीस चार्जिंगच्या आत मान टाकायचे.

शेवटी मालक वैतागले. "दिवाळीपर्यंत शंभर वेळा चार्ज झालेला सेल दाखवा, नाहीतर हे काम बंद."

मग मी कार्बनचा नाद सोडला. निकेल-कोबाल्टची काळी पूड स्वतः भट्टीत भाजून निकेलच्या जाळीवर दाबून बसवली. गणपतीत सुरू केलेल्या या सेलने दसऱ्यापर्यंत साठी ओलांडली. खांदा कॉलनीतल्या शेजारणींना मी जिन्यात अडवून हे सांगायची. त्या बिचाऱ्या माना डोलवायच्या.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. एरवी मी त्याची टर उडवायची. त्या दिवशी मात्र कोणी बघत नाही असं पाहून मी सेललाही ओला झेंडूचा हार गुंडाळला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सेलच्या व्होल्टेजच्या आलेखाची रेघ पार तळाला गेलेली. उत्प्रेरक मेला, असं ठरवून मी वहीत 'अयशस्वी' लिहायला घेतलं आणि उगाचच आमच्या मदतनीस काकांवर खेकसले. काका गव्हाणचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. ते सेलकडे बघत शांतपणे म्हणाले, "बाय, हार कोनी घातला? त्याला वारा कुठून मिळंल?"

हार जाळीला घट्ट चिकटला होता. सेल श्वास घेतो, हे सगळ्यांना शिकवणारी मी, आणि त्याचं नाक मीच दाबलं होतं! हार काढला, जाळी कोरडी केली. तासाभरात रेघ होती तिथे परत आली. मी काकांची माफी मागितली. तेव्हा ती मागणं मला फार जड गेलं.

वसुबारसेला शंभर पूर्ण झाले. आलेखाचा कागद मी मालकांसमोर पसरला. मधला तो खड्डा कात्रीने सहज उडवता आला असता, पण मी उडवला नाही.

"हे काय?"

"दसऱ्याला मी हार घालून त्याची हवा बंद केली, साहेब. चूक माझी."

"आणि तरीही हा पुढे चालला?"

"चालला." त्या एका शब्दाचा मला आजही अभिमान वाटतो.

मालकांनी खिशातलं पेन काढलं, नेमकी त्या खड्ड्यावरच सही केली आणि म्हणाले, "पुढचा दोनशे वेळा."