गाळलेला खोकला

पीएच.डी.साठी मी क्षयरोग झालेल्या बायकांच्या मुलाखती घेत होते. त्यांतल्या गोदाबाई पुढे वारल्या. मुलाखतीच्या वेळी शेजारी बसलेली त्यांची मुलगी महिन्याभराने विद्यापीठात आली.

"ताई, आईचा आवाज आहे ना तुमच्याकडे? एकदा ऐकवता?"

मुलाखत टाइप झाली की रेकॉर्डिंग पुसायचं, ही आमची शिस्त. मी पुसलं होतं. मग तिच्यापुढे टाइप केलेली पानं ठेवली. ती ओळींवरून बोट फिरवत राहिली आणि एका वाक्यापाशी थांबली.

"इथे आई खूप वेळ खोकली होती."

पानावर खोकला नव्हता. वाचायला सोपं जावं म्हणून मीच तो गाळला होता.

मला पदवी मिळाली. गोदाबाईंची वाक्यं प्रबंधात आहेत. ती वाचताना आता शब्द माझ्याच आवाजात ऐकू येतात. खोकला मात्र त्यांचा.